मार्क जोडा, निकाल जोडू नका

निकालाच्या मीटिंगमधे बसलेल्या शिक्षकांना हे दृश्य पाठ असतं. आठ विषय, त्यातल्या सात विषयांत साठ-बासष्ट-पासष्ट, आठव्यात ४७, पास व्हायला हवेत ५०, आणि शेवटच्या रकान्यात नापास. कुणीतरी म्हणतं अहो हिचं बाकी सगळं चांगलंय की, दुसरं कुणीतरी म्हणतं नियम म्हणजे नियम, एकीला सोडलं तर बाकीच्यांना काय सांगणार, आणि दोन मिनिटांत पुढचा सीट नंबर. मी अशा बऱ्याच मीटिंगांना बसलोय, खाली सह्या पण केल्यात. बरीच वर्षं मला वाटायचं की हा दयेचा आणि शिस्तीचा झगडा आहे, ज्याचं मन मऊ तो सोडा म्हणणार आणि जो कडक तो नाही म्हणणार. आता तसं वाटत नाही. हा आधी मोजमापाचा प्रश्न आहे, दया-शिस्त नंतर. आणि मोजमाप म्हणून बघितलं तर आपण सर्रास वापरतो तो नियम, म्हणजे प्रत्येक विषयात वेगळं पास व्हायलाच पाहिजे हा, फार चुका करणारा नियम आहे.

मुद्दा असाय. पोरगं पुढच्या वर्षाला जाणार की नाही हा निर्णय शेवटी एकच असतो. पुरावे मात्र अनेक असतात, आठ पेपर, काही प्रॅक्टिकल, काही असाइनमेंट. हे पुरावे एकत्र करायचे दोन मार्ग आहेत. एक, आधी सगळे मार्क एकत्र आणायचे आणि मग त्यावर एकदाच पास-नापासची रेषा मारायची. दोन, आधी प्रत्येक पेपरवर रेषा मारायची, आठ वेगळे निकाल काढायचे, आणि मग ते निकाल जोडून सगळीकडे पास असेल तरच पास म्हणायचं. दुसऱ्या मार्गात रेषा मारल्या मारल्या माहिती फेकून दिली जाते, ४९ आणि १२ दोन्ही नुसते नापास, ५१ आणि ९५ दोन्ही नुसते पास, आणि राहिलेल्या त्या हो-नाहीच्या तुकड्यांवर वर्षाचा निर्णय.

मार्क अगदी खरे असते तर हे पण चाललं असतं. पण मार्क म्हणजे काही वजनकाट्यावरचा आकडा नव्हे. पन्नास गोष्टी शिकवल्या त्यातल्या दहाच पेपरात आल्या, कुणाच्या नशिबी येणाऱ्या दहा, कुणाच्या नशिबी न येणाऱ्या. आदल्या रात्री झोप लागली का, प्रश्नाची भाषा कळली का, तपासणाऱ्याने तो पेपर गठ्ठ्यातला पहिला तपासला की शेवटचा. एजवर्थ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ मधे परीक्षांवर संख्याशास्त्राचा लेख लिहून हेच मांडलं होतं, की खगोलशास्त्रात निरीक्षणाची चूक असते तशीच परीक्षकाच्या मार्कांत पण असते आणि तिचं पण गणित करता येतं. १९१२ मधे अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीचे तेच पेपर शंभराहून जास्त शाळांमधल्या शिक्षकांकडून तपासून घेतले तर एकाच पेपरला कुणी ६४ दिले आणि कुणी ९८. हे कळून शंभर वर्षं उलटून गेली, आणि आपण अजून ४९ आणि ५० मधे भिंत असल्यासारखं वागतो.

आता थोडं गणित, कंटाळा करू नका, कारण खरा धक्का इथेच आहे. समजा शंभर मार्कांचा पेपर, पास व्हायला ५० हवेत. वर्गाच्या मार्कांचं प्रमाण विचलन, म्हणजे मार्क सरासरीपासून साधारण किती पसरलेत ते, १२ धरू, आणि पेपरची विश्वासार्हता ०.७५ धरू, म्हणजे मार्कांतल्या फरकाचे तीन हिस्से खऱ्या तयारीचे आणि एक हिस्सा चुकीचा, कॉलेजच्या पेपरसाठी हे काही वाईट नाही. मग एका मुलाच्या मार्कांत नेहमीची चूक निघते ६ मार्कांची. म्हणजे ज्याची खरी तयारी ५६ ची आहे त्याला बहुतेक वेळा ५० ते ६२ मधे काहीतरी मिळणार, पण कधी ४८ पण मिळणार, यात त्याचा काही दोष नाही. असा ५६ वाला मुलगा एका पेपरात पास होण्याची शक्यता येते ८४ टक्के. ठीक वाटते. पण आता तो आठही विषयांत ५६ चाच आहे, म्हणजे सगळीकडे रेषेच्या नीट वर, कुठेही कच्चा नाही, आणि आठही पेपरांत पास व्हायला पाहिजे म्हटलं, तर ८४ टक्के आठ वेळा गुणायचे. उत्तर येतं २५ टक्के. चारातला एक पास. बाकीचे तीन नापास, आणि ते तिघं खरं म्हणजे पास आहेत.

५१ ची तयारी असलेला तर सोडाच, नियमाप्रमाणे तो पण पास आहे, पण आठही पेपर एका फटक्यात सुटण्याची त्याची शक्यता साधारण एक टक्का आहे.

उलट बाजूने विचारा, की दहातल्या नऊ वेळा सगळ्या विषयांत सुटायचं असेल तर खरी तयारी किती हवी? उत्तर आहे साधारण ६३. म्हणजे नियमात लिहिलंय ५० आणि नियम प्रत्यक्षात मागतोय ६३, आणि ही तेरा मार्कांची वाढ कुठल्याही बैठकीत कुणी मंजूर केलेली नाही. विषय वाढवले की ती आणखी वाढते. एका मोठ्या विषयाचे दोन छोटे केले, अभ्यासक्रम तोच, शिक्षक तेच, तरी पास होणं अवघड झालं, कारण एक रेषा जास्त झाली आणि छोट्या पेपरची चूक पण मोठी. अभ्यासक्रमाची मांडणी करणाऱ्यांच्या हे डोक्यात पण नसतं, ते आपले क्रेडिट मोजत बसतात.

आता तोच मुलगा, तेच आठ पेपर, फक्त मार्कांची सरासरी काढा आणि तिच्यावर एकदा रेषा मारा. एका पेपरात नशिबाने सहा कमी पडले तर दुसऱ्यात चार जास्त पडलेले असतात, चुका एकमेकींना खातात, आणि आठ पेपरांच्या सरासरीतली चूक ६ वरून जवळजवळ २ वर येते. ५६ वाला मुलगा पास होण्याची शक्यता होते ९९ टक्क्यांच्या वर. २५ टक्के आणि ९९ टक्के. पेपर तेच, मार्क तेच, तपासणारे तेच, फक्त जोडायची पद्धत बदलली.

इथे लगेच कुणीतरी म्हणणार की म्हणजे तुम्ही सगळ्यांना पास करायला निघालात. नाही हो. खरी तयारी सगळीकडे ४४ ची असलेला मुलगा बघा, एका पेपरात त्याला नशिबाने ५० पडण्याची शक्यता १६ टक्के आहे, पण सरासरीत तो सुटण्याची शक्यता हजारात दोन-तीन. सरासरी म्हणजे सूट नव्हे, जो खरंच कच्चा आहे त्याला पण ती नीट ओळखते. हे तत्त्व काही नवीन पण नाही, स्पिअरमन आणि ब्राऊन या मानसशास्त्रज्ञांनी १९१० मधे एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात वेगवेगळं मांडलं होतं की चाचणी लांब केली की तिची विश्वासार्हता किती वाढते. आपले आठ विषय म्हणजे अगदी एकच लांबवलेली चाचणी नाही हे मान्य, त्यांचा एकमेकांशी संबंध कमी-जास्त असतो, पण तो संबंध मध्यम धरला, समजा ०.५ (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण), तरी ०.७५ वाल्या आठ पेपरांच्या बेरजेची विश्वासार्हता ०.९४ येते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. वरचं गणित असं धरून आहे की एका पेपरातल्या चुकीचा दुसऱ्या पेपरातल्या चुकीशी संबंध नाही. परीक्षेचा अख्खा आठवडा ताप असेल तर तसं राहत नाही, सगळेच पेपर एकत्र खाली जातात, आणि मग सरासरी पण त्याला पूर्ण वाचवू शकत नाही. आकडे थोडे जवळ येतात, २५ चे जास्त होतात, ९९ चे कमी होतात. पण क्रम उलटत नाही. तापाचा इलाज परीक्षा वर्षभर पसरवणं हा आहे, रेषा वाढवणं नाही.

आता त्या ४७ वाल्या मुलीकडे परत येऊ, कारण माझं मन तिथे अडकलंय. ४७ हा एकच आकडा बघून आपण ठरवतो की तिला हा विषय येत नाही. पण तिच्याबद्दल आपल्याकडे आणखी सात आकडे आहेत आणि ते सगळे साठच्या पुढे. केली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की मिळालेल्या मार्कांत चूक असेल तर खऱ्या तयारीचा सगळ्यात चांगला अंदाज मिळालेला आकडा जसाच्या तसा घेऊन येत नाही, त्याला सरासरीकडे थोडं ओढावं लागतं. विश्वासार्हता ०.७५ असेल तर तीन हिस्से मिळालेले मार्क आणि एक हिस्सा सरासरी. वर्गाची सरासरी ६० असेल तर ४७ चा अंदाज येतो ५० च्या थोडासा वर. म्हणजे तिला ४७ मिळाले हे बघूनही, ती खरं म्हणजे पासच आहे असं म्हणायची बाजू किंचित जड आहे! आता वर्गाच्या सरासरीकडे ओढणं मला स्वतःला पटत नाही, दुसऱ्यांच्या हुशारीवर हिचे मार्क का ठरावेत, तिच्या वर्गात दुसरे कोण बसलेत हा तिचा गुणही नाही आणि दोषही नाही. पण तिचेच बाकीचे सात विषय हा तिचाच पुरावा आहे. तो न बघता निर्णय देणं म्हणजे आठ साक्षीदार बोलावून सात जणांना बाहेर बसवणं.

मग सगळ्यात जड आक्षेप, आणि हा खरोखर जड आहे. सात विषयांत ६२ आणि आठव्यात खरी तयारी ३० ची, सरासरी येते ५८, पास. त्याला तो विषय अजिबात येत नाही आणि आपण येतो म्हणून कागद दिला. पुढच्या वर्षी त्याच विषयावर उभा असलेला दुसरा विषय येणार, तिथे तो बुडणार. नुसत्या सरासरीचं हे भोक आहे आणि ते बुजवायलाच पाहिजे. पण ते बुजवायला सगळीकडे ५० ची भिंत लागत नाही. सरासरी ५० आणि कुठल्याही विषयात ४० च्या खाली नाही, एवढं म्हटलं तरी पुरतं. आकडे बघा, आठही विषयांत ५६ वाला मुलगा या जोडनियमात ९७ टक्क्यांच्या आसपास सुटतो, आणि तो ३० वाला त्या विषयात नशिबाने ४० गाठण्याची शक्यता पाच टक्के. भिंत दहा मार्क खाली घेतली आणि २५ चे ९७ झाले, आणि खरा धोकादायक मुलगा तरी शंभरात पंच्याण्णव वेळा अडकतोच. यासारखी दुसरी स्वस्त सुधारणा मला शिक्षणात दिसत नाही. नवीन इमारत नको, नवीन सॉफ्टवेअर नको, फक्त नियमाचं एक वाक्य बदलायचंय.

मधला मुलगा राहतो, बाकी ६२ आणि एका विषयात खरे ४५. तो या नियमात बहुतेक वेळा सुटणार. ही चूक आहे का? हे गणित नाही सांगू शकत, हे आपण ठरवायचंय, की पदवी म्हणजे प्रत्येक विषयाची स्वतंत्र हमी की एकूण तयारीची. मला वाटतं बहुतेक शाखांमधे एकूण तयारीचीच असते, कारण तो ५० चा आकडा तरी कुठून आला, दहातल्या नऊ ठिकाणी तो कुणी विषय बघून ठरवलेलाच नसतो, गोल आकडा म्हणून ठेवलेला असतो. ज्या रेषेमागे विचार नाही तिच्यापासून पाच मार्क खाली असणं हे ज्ञान नसल्याचा पुरावा होत नाही.

पण काही गोष्टी अशा आहेत जिथे भरपाई, म्हणजे एका विषयातलं कमी दुसऱ्याच्या मार्कांनी भरून काढणं, चालूच शकत नाही, आणि तिथे मी कडक बाजूलाच आहे. औषधाचा डोस काढता न येणाऱ्या नर्सला इतिहासाचे चांगले मार्क वाचवू शकत नाहीत, वाचवू नयेत. अशा कौशल्याला वेगळी रेषा हवीच. फक्त मग ते कौशल्य तेवढ्याच गंभीरपणे मोजायला पण हवं. एका दुपारच्या एका पेपरावर, एका परीक्षकाच्या मूडवर नाही. दुप्पट लांब चाचणी घेतली तर ६ ची चूक साधारण सव्वाचारवर येते, निम्मी करायची तर चौपट मोजावं लागतं. वैद्यकीय शिक्षणात १९७५ मधे हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच दिशा पकडली, एका रुग्णावर एका परीक्षकाने घेतलेली लांब तोंडी परीक्षा बाजूला ठेवून अनेक छोटी स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी वेगळं काम, वेगळा परीक्षक. ज्या विभागाला आपल्या विषयाला वेगळी भिंत हवी त्याने आधी दाखवावं की आपण तो विषय नीट मोजतोय. आत्ता उलटं चाललंय, भिंत सगळ्यांना फुकट मिळते आणि मोजायची जबाबदारी कुणावर नाही.

री-एक्झाम आहेच की, असं म्हणून हा विषय नेहमी मिटवला जातो. खरंय, एकदा परत बसू दिलं तर त्या ५६ वाल्याची आठही विषय सुटण्याची शक्यता २५ वरून ८१-८२ टक्क्यांवर जाते. पण हिशोब दुसऱ्या बाजूने पण करा. ४४ वाला कच्चा मुलगा, काहीही नवीन न शिकता, दोन प्रयत्नांत एक विषय सोडवण्याची शक्यता २९ टक्के आणि चार प्रयत्नांत ५०. म्हणजे पुन्हापुन्हा बसू देणं आणि त्यातला सगळ्यात चांगला प्रयत्न धरणं, हीच खरी ढिलाई आहे, जी कडक नियमाच्या पोटात लपलेली आहे. दोन प्रयत्नांची सरासरी धरली असती तर तोच ४४ वाला ८ टक्के वेळाच सुटला असता आणि ५६ वाला ९२ टक्के. अर्थात मधे खरंच अभ्यास केला असेल तर जुने मार्क गळ्यात बांधणं अन्याय होईल, त्यामुळे सरसकट सरासरी धरा असं मी म्हणणार नाही. पण कडक भिंत आणि भरपूर री-एक्झाम ही जोडी दोन्हीकडून चुकते, चांगल्याचे महिने खाते आणि कच्च्याला लॉटरीची तिकिटं देत राहते. नेदरलँड्समधे रॉटरडॅमच्या इरास्मस विद्यापीठाने २०१० नंतरच्या दशकात नेमकी ही जोडी उलटी केली, पहिल्या वर्षाचे सगळे ६० क्रेडिट त्याच वर्षात मिळवायचे, री-एक्झाम कमी, पण विषयांमधे भरपाई चालेल. त्यातलं सगळं एका वर्षात हे मला जरा जाचक वाटतं, पण भरपाई द्या आणि री-एक्झाम कमी करा हा सौदा तर्काला धरून आहे.

एक मोठी सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे, नाहीतर सरासरीच्या नावाखाली दुसराच घोळ होईल. मार्क जोडताना कागदावरचं वजन आणि खरं वजन वेगळं असतं. एका पेपरात मार्क २० पासून ९० पर्यंत पसरलेत आणि दुसऱ्यात सगळे ८५ ते ९० मधे, तर दोघांना समान वजन असं लिहून काही होत नाही, मुलामुलांमधला फरक सगळा पहिल्याच पेपरातून येणार. आणि तो दुसरा पेपर, जो बहुतेक वेळा इंटर्नल किंवा प्रॅक्टिकल असतो, तो सगळ्यांची सरासरी एकसारखी वर उचलतो आणि रेषा निरर्थक करतो. समजा चार पेपर आणि चार इंटर्नल, इंटर्नलला सगळ्यांना ८५, तर पेपरांत सरासरी १५ काढणारा पण ५० वर पोचला. ही भरपाई नाही, ही हवा आहे. त्यामुळे जिथे इंटर्नल मार्क खैरातीसारखे वाटले जातात तिथे आधी ते सुधारा, किंवा भरपाई फक्त लेखी-लेखीत, सारख्या जातीच्या विषयांच्या गटात ठेवा. आणि जोडताना मूळ मार्क जोडा, मार्कांचे ग्रेड करून ग्रेडची सरासरी काढणं म्हणजे तीच माहिती फेकायची चूक हळू आवाजात.

मुलं भरपाईचा गैरफायदा घेतील, एक विषय मुद्दाम सोडून देतील, हे पण ऐकू येतं. काही घेतील. चाळीसची मर्यादा आहे ती त्यासाठीच. पण आत्ताच्या नियमात काय होतं ते पण बघा, जिथे ५० पक्के झाले तिथे अभ्यास थांबतो, कारण ५१ व्या मार्काला किंमतच नाही. भरपाईत प्रत्येक मार्क कामाचा असतो.

आणि कुठलाही नियम घ्या, काठावरची मुलं राहणारच. सरासरीत सुद्धा ५१ ची तयारी असलेला तीनातून एकदा नापास होईल, कारण चूक दोन मार्कांची आणि तो रेषेपासून एकाच मार्कावर. म्हणून मला वाटतं निकालाच्या शेवटच्या रकान्यात दोन नाही, तीन शब्द असावेत, पास, नापास, आणि अजून ठरलं नाही. सरासरी ४८ ते ५२ मधे आली तर त्या मुलाला नापास म्हणून वर्षभर घरी न बसवता दोन-तीन आठवड्यांत आणखी एक चांगली, लांब चाचणी द्यायची आणि तिचे मार्क जुन्यांमधे मिळवायचे, आधीचे पुसायचे नाहीत. नेदरलँड्समधल्याच मास्ट्रिख्टच्या वैद्यकीय शाखेत १९७७ पासून प्रोग्रेस टेस्ट चालते तिच्यामागे असाच विचार आहे, तशीच व्यापक परीक्षा नव्या प्रश्नांनी वर्षातून अनेकदा घ्यायची आणि एकेका दिवसावर न थांबता सगळे निकाल मिळून बघायचे.

त्या दिवशीच्या मीटिंगमधे ४७ वालीला आम्ही नापास केलं. नियमाप्रमाणे बरोबर होतं. तिची सरासरी साठच्या वर होती, इतर कुठल्याही विषयात ती पन्नासच्या जवळपास पण नव्हती, आणि आमच्यातल्या एकालाही त्या पेपरातली चूक किती मार्कांची आहे हे माहीत नव्हतं, कुणी कधी मोजलीच नव्हती. निदान ती तरी मोजा. प्रत्येक पेपरची विश्वासार्हता काढायला लागणारे आकडे परीक्षा विभागाकडे पडलेलेच असतात, प्रश्नवार मार्क. पुढच्या निकालाच्या यादीत प्रत्येक विषयाच्या नावाखाली ती चूक छापा, आणि मग ४७ समोर नापास लिहायला पेन उचला.